दोन दिवसांत विजापूर : गोलघुमटापलीकडची राजधानी

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी देवदर्शनाची सहल निघाली की जाता जाता विजापूरही पाहून यावे, असा अनेक मराठी कुटुंबांचा प्रघात आहे. सोलापूरहून गाडी करायची, गोलघुमटाच्या सज्जात टाळी वाजवून प्रतिध्वनी मोजायचे, तोफेजवळ छायाचित्र काढायचे आणि दिवेलागणीच्या आत सोलापूर गाठायचे. अशा सहलीत गोलघुमट पाहून होतो, विजापूर मात्र पाहायचे राहून जाते.

वास्तविक, सुमारे दोनशे वर्षे आदिलशाहीची राजधानी असलेले हे शहर पायी हिंडण्यासारखे आहे. पूर्वेकडील गोलघुमटापासून पश्चिमेकडील इब्राहिम रोजापर्यंतचे अंतर जेमतेम चार किलोमीटर. या दोन टोकांच्या मध्ये तटबंदी, बुरूज, महाल, मशिदी, बारवा आणि कारंज्यांचे अवशेष विखुरलेले आहेत. चालण्याची तयारी असेल आणि शनिवार-रविवारचे दोन दिवस हाताशी असतील, तर एका राजधानीची उभारणी आणि तिचा अस्त दोन्ही येथे क्रमाने पाहता येतात. शिवचरित्र वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला तर या वास्तूंमधील बहुतेक नावे आधीपासूनच ओळखीची असतात.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास

बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा १४९० च्या सुमारास युसुफ आदिलखानाने विजापुरात स्वतंत्र सत्ता स्थापन केली. १६८६ मध्ये औरंगजेबाने शहर जिंकून घेतले आणि नववा सुलतान सिकंदर याच्याबरोबर आदिलशाही संपली. सहलीपुरती यांतील चार नावे ध्यानात ठेवली तरी पुरे.

पहिला अली आदिलशाह (१५५८-१५८०) हा शहराची चौकट घालणारा. १५६५ च्या तालीकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला, त्या विजयातील तो एक भागीदार. तटबंदी, जामा मशीद आणि गगन महाल ही त्याच्या कारकिर्दीतील कामे. अहमदनगरच्या निजामशाहीतील चांदबिबी ही त्याची बेगम. त्याच्यामागून आलेला दुसरा इब्राहिम (१५८०-१६२७) हा संगीताचा भोक्ता. ‘किताब-ए-नवरस’ हा दख्खनी भाषेतील गीतसंग्रह त्याच्या नावावर असून त्यात सरस्वती आणि गणेश यांचे स्तवन आढळते. तिसरा मोहम्मद आदिलशाह (१६२७-१६५६). शहाजीराजे १६३६ नंतर याच्याच चाकरीत होते. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांना कैद करून विजापुरास आणले गेले आणि पुढील वर्षी त्यांची सुटका झाली. चौथा दुसरा अली (१६५६-१६७२). अफजलखानाची स्वारी आणि सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा हे दोन्ही प्रसंग त्याच्या कारकिर्दीतले.

मोहम्मदशहाची कबर गोलघुमटात आहे, दुसऱ्या अलीची बारा कमानीत आणि दुसऱ्या इब्राहिमाची इब्राहिम रोजात. एवढे ठाऊक असले की केवळ दगडांचे ढीग पाहिल्यासारखे वाटत नाही.

पहिला दिवस, सकाळ : गोलघुमट ते जामा मशीद

गोलघुमट पहाटे, दरवाजे उघडताच गाठावा. याचे कारण केवळ ऊन नव्हे. घुमटाच्या आतील सज्जात एका बाजूने केलेली कुजबूज समोरच्या बाजूला, सुमारे ३८ मीटर अंतरावर, स्पष्ट ऐकू येते. परंतु त्यासाठी शांतता हवी. दहाच्या पुढे शाळांच्या सहली येतात, आरोळ्या आणि शिट्ट्या सुरू होतात आणि ज्यासाठी इतका जिना चढून यायचे तेच हरवते. चारही कोपऱ्यांत सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे असून वर जाण्याचा जिना त्यांतूनच आहे. जिना अरुंद व पायऱ्या उंच असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी सावकाश चढावे.

घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर. ‘जगातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट’ असे त्याचे वर्णन वाटाडे आजही करतात. आधुनिक बांधकामात याहून कितीतरी मोठे घुमट झाले असल्याने ते आता खरे नाही. परंतु मधे एकही खांब न घेता एवढे दालन झाकण्याची युक्ती मात्र पाहण्याजोगी आहे. खालच्या चौरस दालनात उभे राहून वर पाहावे. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात आणि त्या कड्यावर घुमट बसतो. घुमटाचा बाहेर रेटणारा भार या कमानींच्या आत झुकलेल्या वजनाने तोलला जातो. दालनाच्या मध्यभागी चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी प्रतीकात्मक असून खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. सुलतानाबरोबर त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी यांच्याही कबरी येथे आहेत.

घुमटासमोरील नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शिलालेख, हस्तलिखिते, चित्रे, शस्त्रे आणि जुने गालिचे असा संग्रह लहान असला तरी वेचक आहे. ते शुक्रवारी बंद असते, हे सहलीचे दिवस ठरवताना लक्षात असू द्यावे.

येथून नैर्ऋत्येस सुमारे एक किलोमीटर चालत गेल्यावर जामा मशीद लागते. ही नमाज चालू असलेली मशीद आहे. तेव्हा शुक्रवारची दुपार टाळावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि अंगभर कपडे घालावेत. मशिदीचे बांधकाम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालेच नाही, तरीही तिची प्रमाणबद्धता साऱ्या शहरात उठून दिसते. जमिनीवर नमाजासाठी आखलेले २२५० चौकोन आहेत. पश्चिमेच्या भिंतीतील सोनेरी व रंगीत मिहराब १६३६ चा आहे. काही पावलांवरचा मेहतर महाल म्हणजे प्रत्यक्षात एका मशिदीचे प्रवेशद्वार. त्याच्या सज्जाखालील दगडी तीरांवरील कोरीवकाम लाकडावर केल्यासारखे नाजूक आहे. तेथून आसार महालाकडे जाता येते. मोहम्मदशहाने १६४६ मध्ये न्यायदानासाठी बांधलेली ही वास्तू पुढे पवित्र अवशेषांचे स्थान बनली. समोरचे तळे आणि उंच लाकडी खांब बाहेरूनही पाहता येतात.

पहिला दिवस, दुपार : अर्ककिल्ला, बारा कमान आणि मुलूखमैदान

बारा ते तीन हा वेळ जेवणाला आणि विश्रांतीला द्यावा. हिवाळ्यातही विजापूरचे दुपारचे ऊन चटका देते. त्यानंतर अर्ककिल्ल्यात, म्हणजे शहराच्या मध्यभागी असलेल्या आतील किल्ल्यात शिरावे. एके काळी त्याभोवती खंदक होता. आज सरकारी कचेऱ्या, उद्याने आणि रस्ते यांच्या गर्दीत त्याचे अवशेष शोधावे लागतात.

गगन महाल हा पहिल्या अलीचा दरबार. त्याची मधली कमान सुमारे १८ मीटर रुंद आहे. वरचे लाकडी छत नाहीसे झाले असल्याने आता त्या कमानीतून नावाप्रमाणे खरोखरच आकाश दिसते. १६८६ मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर याला रुपेरी साखळदंडांत औरंगजेबापुढे येथेच उभे केले गेले, अशी आख्यायिका आहे. जवळच सात मंझिल, जल मंझिल आणि करीमुद्दीनची मशीद आहे. शेवटची वास्तू चौदाव्या शतकातील, म्हणजे आदिलशाहीच्याही आधीची असून तिला जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले आहेत.

बारा कमान ही दुसऱ्या अलीची अपुरी राहिलेली कबर. उंच चौथऱ्यावर काळ्या कमानींच्या रांगा उभ्या आहेत आणि वर छत नाही. येथे थोडा वेळ थांबावे. गोलघुमटात जे पूर्ण झालेले दिसते ते कसे उभे केले जात असे, हे या अपूर्ण वास्तूत उघडे पडलेले आहे. विजापूरचे गवंडी एका कमानीच्या आत दुसरी कमान बांधत आणि आधाराचा भाग नंतर काढून टाकत, असे अभ्यासक सांगतात. त्या पद्धतीच्या खुणा येथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. स्वराज्यावर अफजलखान पाठवणाऱ्या दरबारातील सुलतानाला स्वतःचे थडगे पूर्ण करता आले नाही. १६७२ नंतरच्या विजापुराजवळ तेवढा पैसाही नव्हता आणि स्वस्थताही नव्हती.

ऊन उतरल्यावर पश्चिमेच्या तटाकडे निघावे. तटबंदीचा घेर सुमारे दहा किलोमीटर असून तिला ९६ बुरूज होते, असे नोंदलेले आहे. शेर्झा बुरुजावर सुप्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ आहे. ‘मैदानाचा धनी’ हा तिच्या नावाचा अर्थ. मराठीत तिचीच ‘मुलूखमैदान’ झाली आणि फर्ड्या वक्त्याला आपण आजही तेच विशेषण लावतो. ही तोफ मूळची विजापूरची नव्हे. १५४९ मध्ये ती अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) एका तुर्की कारागिराने ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापुरास आणली. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन अंदाजे ५५ टन. तोंडाशी सिंहासारखा जबडा असून दातांखाली हत्ती चिरडला जात असल्याचे शिल्प आहे.

या तोफेची एक कथा नोंद घेण्याजोगी आहे. १८१८ नंतर विजापूर सातारच्या छत्रपतींकडे होते आणि १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाल्यावर ते इंग्रजांकडे गेले. १८५४ मध्ये साताऱ्याहून निरुपयोगी सरकारी वस्तूंचा लिलाव करण्याचा हुकूम सुटला. त्यात मलिक-ए-मैदानही होती आणि तिला सर्वाधिक बोली लागली १५० रुपयांची. स्थानिक अधिकाऱ्यांनी वेळीच वर कळवले, विक्री रद्द झाली आणि तोफ वितळण्यापासून वाचली.

जवळच उपळी बुरूज आहे. हैदरखानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा सुमारे २४ मीटर उंचीचा एकाकी बुरूज दिवसाचा शेवटचा मुक्काम असावा. बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्यांनी वर गेले की दोन लांब लोखंडी तोफा आणि चहूबाजूंनी सारे शहर दिसते. पूर्वेला गोलघुमट, मधे बारा कमान, पश्चिमेला इब्राहिम रोजाचे मिनार. दिवसभर चाललेला रस्ता येथून डोळ्यांनी पुन्हा चालता येतो. कठड्याजवळ मुलांचा हात सोडू नये.

दुसरा दिवस, सकाळ : तोरवी आणि पाण्याची वाट

दुसऱ्या दिवशीचे अंतर अधिक असल्याने सायकल उत्तम. राहण्याच्या ठिकाणी आधी विचारून तिची व्यवस्था करावी. न जमल्यास रिक्षा ठरवून घ्यावी. विजापूर-बागलकोट हा भाग सायकलपटूंसाठी कर्नाटकात प्रसिद्ध आहे. रस्ते सपाट आहेत, झाडी मात्र विरळ. म्हणून सूर्योदयाबरोबर निघावे.

शहराच्या पश्चिमेस पाच-सहा किलोमीटरवर तोरवी आहे. दुसऱ्या इब्राहिमाने १५९९ मध्ये येथे नवरसपूर नावाची नवी नगरी वसवण्यास आरंभ केला. संगीत महालाचा कमानदार दर्शनी भाग, समोरचा हौद आणि पडक्या भिंती एवढेच आता शिल्लक आहे. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ही नगरी लुटली. त्याच वर्षीच्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे लढले होते.

तोरवीचे खरे महत्त्व पाण्यात आहे. विजापूर हे कोरड्या पठारावरचे शहर, मोठी नदी जवळ नाही. येथील सुरंग बावडीपासून जमिनीखालून बोगदा काढून पाणी शहरात आणले जात असे. बोगद्याची सफाई व हवा यांसाठी ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी खोदलेल्या होत्या. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल. शहराच्या दक्षिणेस मोहम्मदशहाने १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला आणि तेथून मातीच्या नळांनी पाणी आणले. वाटेत पाण्याचा दाब आवरण्यासाठी उभारलेले ‘गंज’ म्हणजे दगडी मनोरे शहरात ठिकठिकाणी दिसतात. पर्यटक त्यांच्याजवळून जातात, पण ते कशासाठी होते हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हे पाणी नसते तर घुमट, महाल आणि कारंजी यांपैकी काहीच उभे राहिले नसते.

याच पश्चिम बाजूला साठ कबर नावाचे ठिकाण आहे. एका चौथऱ्यावर एकसारख्या घडणीच्या साठहून अधिक कबरी ओळीने मांडलेल्या आहेत. प्रतापगडाच्या मोहिमेवरून आपण परतणार नाही असे भाकीत झाल्याने अफजलखानाने आपल्या बायकांना विहिरीत बुडवून मारले, अशी दंतकथा त्यांच्याशी जोडलेली आहे. ती इतिहास म्हणून सांगू नये. मात्र खानाने स्वतःसाठी येथे बांधावयास घेतलेली कबर रिकामी राहिली हे खरे. नोव्हेंबर १६५९ मध्ये तो प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला आणि तेथेच त्याचे दफन झाले. प्रतापगड पाहिलेल्या मराठी माणसाला त्या कथेचे दुसरे टोक या माळावर भेटते. वाट शेतांमधून जाते, म्हणून स्थानिकांना विचारून, पिकांची नासधूस न करता जावे.

दुसरा दिवस, दुपारपूर्वी : इब्राहिम रोजा आणि ताज बावडी

परतीच्या वाटेवर इब्राहिम रोजा लागतो. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मशीद आणि कबर, मधे हौद. मलिक संदल हा याचा शिल्पकार. ही जागा मुळात ताज सुलताना या बेगमेसाठी योजलेली होती. परंतु सुलतानच आधी गेला आणि १६२७ मध्ये येथे विसावला. गोलघुमट आकाराने दिपवतो, इब्राहिम रोजा बारकाव्याने. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अक्षरे आहेत आणि अक्षरांच्या फटींतूनच आत उजेड येतो. आतल्या दालनाचे छत मध्यभागी सपाट आहे. दगड वर कसे टिकले असतील, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. येथे किमान एक तास द्यावा.

शेवटी मक्का दरवाजाजवळची ताज बावडी पाहावी. १६२० मध्ये मलिक संदलनेच ताज सुलतानाच्या नावे बांधलेली ही प्रचंड चौरस बारव. मधल्या काळात ती गाळाने आणि केरकचऱ्याने भरली होती. २०१६-१७ च्या सुमारास गाळ काढल्यावर तिचे मूळ रूप पुन्हा दिसू लागले. सहलीची सांगता येथे झाली की वर्तुळ पुरे होते. तोरवीच्या माळावरून निघालेल्या पाण्याने ज्या शहराला दोन शतके जगवले, ते पाणी येथे डोळ्यांसमोर असते.

सहलीसाठी उपयुक्त माहिती

नाव : १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपूर (कन्नड उच्चार विजयपुरा) आहे. रेल्वे व बसचे आरक्षण करताना हेच नाव शोधावे.

कसे जावे : सोलापूर ते विजापूर सुमारे १०० किलोमीटर. बसने अडीच-तीन तास लागतात. सोलापूर-गदग मार्गावर रेल्वेही आहे आणि विजापूरचे स्थानक गोलघुमटाजवळच आहे. मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापूरला पोहोचते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत विजापुरात मुक्कामाला पोहोचल्यास शनिवारची पहाट हाती लागते.

केव्हा जावे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे टाळावे. संक्रांतीच्या सुमारास विजापुरात सिद्धेश्वराची जत्रा असते. जत्रा पाहावयाची नसेल तर ते दिवस सोडावेत, अन्यथा मुक्कामाची सोय बरीच आधी करावी.

खाणे : ज्वारीची भाकरी, वांग्याचे एण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी आणि दही हे येथील खास जेवण. स्थानकाजवळ व महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरात खानावळी आहेत. बाजारात मराठी व हिंदी समजते.

बरोबर काय न्यावे : टोपी, पुरेसे पाणी, चढउतारासाठी घट्ट बसणारे बूट आणि छोटी विजेरी. गोलघुमटाचे जिने आणि अर्ककिल्ल्यातील काही कोपरे अंधारे आहेत.

वेळ आणि तिकीट : गोलघुमट व इब्राहिम रोजा येथे तिकीट आहे. वेळा व दर बदलत असल्याने निघण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत माहितीवरून खात्री करून घ्यावी.

आणखी एक दिवस असल्यास : बसवेश्वरांचे जन्मस्थान बसवन बागेवाडी, आलमट्टी धरण आणि कुडलसंगम हे एका दिवसात होते. बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे यांसाठी मात्र किमान दोन दिवस वेगळे काढावेत.

एक विनंती : गोलघुमटाच्या भिंतींवर नावे कोरलेली दिसतात आणि त्यांत देवनागरी नावेही कमी नाहीत. आपल्या गडकोटांवर असे कोणी लिहिले तर आपल्याला संताप येतो. तोच आदर येथेही दाखवावा. एकेकाळी ज्या दरबाराशी मराठ्यांनी झुंज दिली, त्याच दरबारात अनेक मराठी घराणी वाढली. विजापूर हा त्या दोन्ही गोष्टींचा साक्षीदार आहे.